उतारा कुठे खाकरतो?

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की या माणसाचं नमनालाच घडाभर तेल. माझ्या बायकोला वकील व्हायचं होतं आणि एका उताऱ्याने तिला दारातच अडवून धरलं होतं.

झालं. मुद्दा सांगून झाला. आता निवांत बोलू.

ही कोर्टात स्टेनो होती. 'ही' म्हणजे अर्थातच माझी बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली की 'ही' म्हटल्यावर दुसरं कोणी डोळ्यांपुढे येतच नाही. साहेब बोलतील ते, वकील बोलतील ते, साक्षीदार रडत रडत बोलेल तेसुद्धा, सगळं झरझर पेन्सिलीने टिपायचं आणि मग टाइप करून द्यायचं, हे हिचं काम. साक्षीदार 'बहुतेक पाहिलं' म्हणाला तर 'बहुतेक' गळता कामा नये. साहेब आले नि गेले, खुर्च्या बदलल्या, इमारतीला दोनदा रंग दिला गेला; हिने उभ्या नोकरीत 'ध'चा 'मा' केला नाही. हिची प्रत म्हटली की विरोधी वकीलही मुकाट्याने मान डोलवायचे.

या गुणाचा घरी काय त्रास होतो, ते मला विचारा. भांडणात माणूस काहीतरी बोलून जातो, दुसऱ्या दिवशी विसरतो. ही विसरत नाही. "तुम्ही शब्दशः असं म्हणालात," असं म्हणून सुरू करते. "'तुझ्या आईचा स्वभाव म्हणजे,' इथे तुम्ही थोडं थांबलात, 'म्हणजे मोठा गमतीदार आहे.'" थांबलो त्याचीसुद्धा नोंद! अशा बाईशी भांडून कोणाचं भलं झालंय?

माझं चष्म्याचं दुकान आहे, घराच्या खालीच. गिऱ्हाइकाने यंत्रावर हनुवटी टेकवली की त्याला हलता येत नाही, बोलता येत नाही, आणि उठून तर मुळीच जाता येत नाही. बोलण्याची हौस असलेल्या माणसाला याहून चांगला धंदा नाही. मी बोलतो, हे मला मान्य आहे. दुकान बंद करून वर आलो की दिवसभरात कोण आलं, कोणाचा नंबर वाढला, कोण फ्रेम निवडताना आरशापुढे किती वेळ उभं राहिलं, हे सगळं मी हिला सांगतो. ती भाजी निवडत असते, कपड्यांच्या घड्या घालत असते, आणि ऐकत असते.

तर ही निवृत्त झाली. सत्काराचा हार अजून सुकलाही नव्हता, तेव्हा जेवताना म्हणाली, "मी संध्याकाळच्या लॉ कॉलेजला अर्ज करते आहे."

मी म्हटलं, "अगं, आता?"

"आता नाही तर कधी? तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. कोर्टात उभं राहून मला एक तरी वाक्य माझं म्हणायचंय."

हे वाक्य मी कसा विसरेन? ताठ बसून म्हणाली होती, आणि मला तिचा एवढा अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला हनुवटी टेकवायला लावून मी तेच सांगितलं. "आमची ही वकील होणार." गिऱ्हाइकं हुं हुं करत होती. दुसरं करणार काय?

पण कॉलेजला प्रवेश परीक्षा होती. सामान्य ज्ञान, तर्क आणि उतारा, असे तीन भाग. पहिल्या दोन भागांत हिने पोराटोरांना मागे टाकलं. उताऱ्यात मात्र सपशेल आपटली. कायद्यावरचा एक उतारा द्यायचे, खाली विचारायचे, 'लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता?' आणि चार पर्याय. इथे हिचं घोडं पेंड खायचं. प्रत्येक भागात ठरावीक गुण मिळालेच पाहिजेत असा नियम. शिवाय हिच्या वयाच्या उमेदवारांना दोनच संधी. म्हणजे एक गेली, एक उरली. तीही गेली की वकिली कायमची गेली.

 निकाल पाहून ही नुसती पेन्सिलीला टोक करत बसली, करत बसली, शेवटी पेन्सिल बोटाएवढी झाली. तेव्हा मी लेकीला बोलावून घेतलं.

लेक शाळेत भाषा शिकवते. लहानपणी आम्ही तिला लाडाने 'हेडबाई' म्हणायचो, तर ती खरोखरच त्या वाटेला गेली. सासर दोन गल्ल्या पलीकडे. त्या दिवसापासून ती रोज शाळा सुटली की यायची, आईला समोर बसवायची आणि उतारा द्यायची. मी मध्ये मध्ये चहा घेऊन दुकानातून वर यायचो. म्हणजे चहा हे निमित्त.

पहिला उतारा होता सापडलेल्या वस्तूंबद्दल. मला तो आता पाठ आहे, इतक्या वेळा घरात त्याचं दळण दळलं गेलं. ऐका:

'सापडलेली वस्तू कोणाची, हा न्यायालयांपुढचा फार जुना प्रश्न आहे. काही न्यायालयांनी ती ज्याला सापडली त्याची मानली. काहींनी ज्याच्या जागेत सापडली त्याची. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वजनदार आहेत. अशा खटल्यांत छत्र्या आल्या, पाकिटे आली, हॉटेलच्या सोफ्याच्या फटीत सापडलेली एक अंगठी पण आली. पण हा सगळा वाद असे धरून चालतो की वस्तूला ताबडतोब मालक हवाच. खरा मालक येईपर्यंत ती ज्याच्या हाती होती त्याने तिचे काय केले, हे क्वचितच कोणी विचारते. त्या अंगठीचा निकाल लागला तेव्हा ती टेबलाच्या खणातून पुन्हा हरवलेली होती.'

पर्याय असे. अ: सापडलेली वस्तू कोणाची, हा न्यायालयांपुढचा फार जुना प्रश्न आहे. ब: दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वजनदार आहेत. क: मालकी ठरवण्याच्या नादात राखण करणाऱ्याच्या जबाबदारीकडे दुर्लक्ष झाले आहे. ड: हॉटेलांनी सोफे वेळोवेळी झाडून घ्यावेत.

मला विचाराल तर मला 'ड' पटला होता. व्यवहाराचं बोलणारा तोच एक.

हिने क्षणाचाही विलंब न लावता 'अ'वर बोट ठेवलं. "शब्द न् शब्द तोच आहे. पहिली ओळ. ताडून बघ."

"ताडून काय बघायचं, आई? शब्द तोच असेल. मुद्दा आहे का तो?"

"मग कुठला आहे?"

"क."

ही जागची उठली. मी तिला इतकं चिडलेलं फक्त एकदा पाहिलं होतं, एका वकिलाने तिच्या प्रतीत चूक आहे असं म्हटलं होतं तेव्हा. "'राखण' हा शब्द उताऱ्यात आहे? 'नादात' आहे? 'दुर्लक्ष' आहे? अगं, यातला एकही शब्द त्याने उच्चारलेला नाही! हे साक्षीदाराच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे. साहेबांपुढे असं लिहून दिलं असतं ना मी, तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला!"

"उत्तर तेच आहे, आई."

ही हताश होऊन बसली. मी चहा पुढे केला. त्या दिवशी मला नीट कळलं की हिचं काय चुकतंय. ही तंतोतंत बरोबर होती, आणि तंतोतंत नापास होत होती. ज्या पर्यायात उताऱ्याचे शब्द जास्त, तो ही उचलायची. परीक्षा काढणारे असले लबाड की त्यांनी नेमका तिथेच सापळा लावलेला असायचा. साध्या माणसाला सगळे शब्द आठवतच नाहीत, म्हणून तो सुटायचा. हिला सगळे आठवायचे, त्यामुळे ही अडकायची.

मग मी म्हटलं, आपणही काही हातभार लावावा. दुकानात मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काच धरतो आणि विचारतो, "ही बरी की ही?" असं करत करत नंबर सापडतो. तेच मी हिच्यावर सुरू केलं. "अ बरा की ब? बरं, आता ब बरा की क?"

"दोन्ही सारखेच दिसतात," ही म्हणाली. गिऱ्हाइकंही कंटाळली की हेच म्हणतात. लेकीने मला दुकानात पाठवून दिलं.

दोन दिवसांनी पुन्हा चहा घेऊन वर गेलो तर नवा मंत्र चालू होता. हेडबाई सांगत होत्या, "आई, 'पण' शोध. लिहिणारा आधी इतरांचं सांगतो. मग 'पण' म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. 'पण'च्या पुढे बघ."

हिला ते पटलं, आणि जरा ओशाळीही झाली. "खरं सांगू का? 'पण' मला ऐकूच येत नाही. कोर्टात इतकं 'पण', 'पण' चालतं की मी त्याला लघुलिपीत नुसतं एक टिंब ठेवलं होतं. हात टिंब देऊन पुढे जातो, डोक्याला पत्ताही लागत नाही." आणि तिने तिच्या वहीतलं ते टिंब दाखवलं. खरोखर, माशी बसावी एवढंसं. अख्ख्या खटल्याची मान जिथे वळते, तिथे हिच्या कागदावर माशी!

मग ही 'पण' शोधायला बसली. बोट फिरवत फिरवत एकदम म्हणाली, "सापडला! 'हॉटेलच्या सोफ्याच्या फटीत सापडलेली एक अंगठी पण आली.' म्हणजे मुद्दा अंगठीचा. उत्तर ड."

"बघ!" मी म्हटलं. मला सोबत मिळाली होती.

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, हा तो 'पण' नाही! हा 'मी पण येते'मधला पण. मला हवा तो 'येते, पण उशीर होईल'मधला. पहिला नुसता शेपटीला लोंबकळतो. दुसरा मान वळवतो."

"मग लिहिणाऱ्याने वेगवेगळे शब्द वापरायचे ना," ही फणकारली. "आमच्या साहेबांनी असलं लिहिलं नसतं."

झालं, मंत्रही फुकट गेला. परीक्षा जवळ येत चालली. ही नीट जेवेना. रात्री कूस बदलत राहायची. एकदा अंधारात म्हणाली, "मला नाही जमायचं हो. मला नुसतं लिहून घेता येतं." मला फार वाईट वाटलं. मी तिला धीर द्यायला म्हणून एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला लागलो, त्यात ती झोपून गेली, म्हणजे तेवढा उपयोग झाला.

वाट सापडली ती एका भलत्याच प्रश्नातून. लेकीने सहज विचारलं, "आई, कोर्टात साहेब निकाल सांगायचे तेव्हा तुला कसं कळायचं, आता खरं येणार म्हणून?"

"त्यात काय कळायचं? खाकरायचे."

"म्हणजे?"

"मोठे साहेब. सकाळपासून दोन्ही बाजूंचं चऱ्हाट वाचून दाखवायचे. हे असं म्हणतात, ते तसं म्हणतात. मग पेलाभर पाणी प्यायचे, असं..." आणि ही छाती पुढे काढून मोठ्या साहेबांसारखी खाकरली, अगदी खोल, पोटातून, "...आणि म्हणायचे, 'तथापि.' की अख्खं कोर्ट सरसावून बसायचं. झोपलेला शिपाईसुद्धा उठायचा." मग तिचा चेहरा पडला. "उताऱ्यात कोणी खाकरत नाही ना."

"खाकरतो," लेक म्हणाली. "प्रत्येक उतारा कुठेतरी खाकरतो. तू लिहीत बसतेस म्हणून तुला ऐकू येत नाही." आणि तिने आईच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

पेन्सिल गेली तरी हात थांबेना. टेबलावर बोट फिरायला लागलं, टेबलावरून उचललं तर मांडीवर. शेवटी लेकीने तिला सांगितलं, "हातांवर बस." आणि खरंच, आमची ही, कोर्टाची सगळ्यात जुनी स्टेनो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून शाळकरी मुलीसारखी बसली.

"बाबा, तुम्ही वाचा मोठ्याने," लेक म्हणाली. "वाटेल तिथे खाकरा."

मला एवढंच हवं होतं. मी उतारा हातात घेतला, आवाज लावला. 'सापडलेली वस्तू कोणाची, हा न्यायालयांपुढचा फार जुना प्रश्न आहे.' इथे मी दणदणीत खाकरलो.

"इथे काय?" ही म्हणाली. "इथे तर अजून खुर्चीत नीट बसलेसुद्धा नाहीत."

'दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वजनदार आहेत.' पुन्हा खाकरलो.

"नाही! अहो, इथे तो दुसऱ्यांची मतं सांगतोय. दोघांनाही बरं वाटावं म्हणून सांगतोय. याचं स्वतःचं अजून पोटातच आहे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे.  मी पुढे वाचत गेलो. अंगठीपाशी खाकरलो तर ही हसली, "तिथे शेपूट लोंबकळतंय." आणि मग 'पण हा सगळा वाद' हे शब्द मी नुसते उच्चारले, खाकरायच्या आत हीच खाकरली. मोठ्या साहेबांसारखी. खोल, पोटातून.

"इथे," ती म्हणाली. "इथे आला तो."

"मग काय म्हणाला?" लेकीने विचारलं. "उताऱ्यातला शब्द वापरायचा नाही. तुझ्या शब्दांत सांग."

"माझ्या?"

"तुझ्या."

ही गप्प झाली.  मला एरवी अशी शांतता सोसत नाही, पण त्या वेळी मीही तोंड उघडलं नाही. ही दुसऱ्याचं वाक्य विजेसारखं लिहून द्यायची, आणि स्वतःच्या एका वाक्यासाठी कपाळावर घाम आला होता. मग हातांवर बसल्या बसल्याच म्हणाली, "तो म्हणतोय, अरे, कोणाची कोणाची म्हणून भांडत बसलात, तोवर अंगठी सांभाळायची कोणी?"

"आणि पर्याय?"

"क," ही म्हणाली, आणि एवढी मोठी बाई टाळी वाजवायला गेली, तर हात मुंग्या येऊन बधिर झालेले.

त्यानंतर सगळंच एकदम सुरळीत झालं असं नाही. कधी खाकरणं चुकायचं, कधी दोनदा खाकरायची. एका उताऱ्यात लेखक शेवटपर्यंत खाकरलाच नाही, पहिल्याच ओळीत मुद्दा सांगून मोकळा झाला होता. त्यावर मायलेकींचा असा वाद झाला की खाली दुकानात गिऱ्हाइकाने विचारलं, वर कोणाचं भांडण चाललंय का. मी म्हटलं, छे छे, अभ्यास.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून बाहेर बाकावर बसलो. ही बाहेर आली ती लालेलाल होऊन.

"कसा गेला?"

"वर्गावर देखरेख करणाऱ्या बाईंनी मला दोनदा पाणी आणून दिलं."

"का गं? चक्कर आली?"

"अहो, उतारा वाचताना मी खाकरत होते. मला कळलंच नाही. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा मागचा मुलगा खोकल्याची गोळी द्यायला लागला."

ही पास झाली. उताऱ्यात तर नुसती पास नव्हे, चांगले गुण. लेकीने शाळेत पेढे वाटले. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, चुकीचा नंबर लागून फोन आला त्या माणसालाही सांगितलं. माझ्याएवढा आनंद कोणाला झाला नसेल, असं मला वाटत होतं आणि मी तसं बोलूनही दाखवत होतो.

आणि मग वेळापत्रक आलं. संध्याकाळचं कॉलेज संध्याकाळीच असणार, हे काय मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. आठवड्याचे पाच दिवस, मी दुकान बंद करून वर यायची वेळ ती हिची वर्गात बसायची. हेही ठाऊक होतं. तरी कागदावर पाहिलं आणि कुठेतरी कसंसंच झालं.

फी दुसऱ्या दिवशी भरायची होती. लेकही जेवायला आली होती. मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, "मी काय म्हणतो, कॉलेज चांगलंच आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. बस मात्र तिकडची भरवशाची नाही. आणि तो जिना पाहिलास? तुझे गुडघे आधीच बोलतात. शिवाय संध्याकाळी जेवण गार होणार. गरम करता येतं, ते आहे, तरी दोनदा गरम केलेलं बरं नाही. आणि त्या वर्गातले दिवे! मी स्वतः पाहिलेत, डोळ्यांना वाईट, हे मी धंद्याने सांगतोय. आणि हल्लीची पोरं, ती हसतील. तुला नव्हे, म्हणजे एकूणच हसतात. पुढच्या वर्षी सकाळची तुकडी निघणार असं कोणीतरी म्हणत होतं..."

हिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला होता. ती फळीवर वाणसामानाची यादी करायला ठेवलेली असते. मला वाटलं, आता टिपून घेणार आणि पुढची वीस वर्षं शब्दशः ऐकवणार. तिने पेन्सिल उचलली, पाहिली आणि परत ठेवून दिली. मग हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे बघत राहिली.

तुम्हाला काय सांगू, मला बोलताच येईना. आयुष्यभर मी बोललो तेव्हा ही काहीतरी करत असायची. निवडत, दुमडत, टिपत. नुसती माझ्याकडे बघत कधी ऐकत बसली नव्हती. माझ्या बस, जिना, दिवे यांना ना शेंडा राहिला ना बुडखा. "तर असं आहे एकूण," म्हणून मी घोटभर पाणी प्यायलो.

"संध्याकाळी वर आलात की घर खायला उठेल तुम्हाला," ती म्हणाली. "दिवसभराचं कोणाला सांगणार, हे कळत नाहीये. एवढंच आहे ना?"

"यातला एकही शब्द मी उच्चारलेला नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

लेक ताटात बघत होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. चष्मेवाल्याने रडू नये, काचा पुसायला दुसरं कोणी नसतं, पण रडलो. रडण्यापेक्षा मला आश्चर्यच जास्त वाटत होतं, कारण देवाशपथ सांगतो, ती म्हणेपर्यंत ते मलाच ठाऊक नव्हतं. मला खरंच बसची काळजी वाटते आहे असं वाटत होतं.

मग मीच म्हटलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, "मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. पण तू जा. नाही गेलीस तर मला मुळीच करमणार नाही."

तिने विचार केला. मग म्हणाली, "मी जाणारच आहे. फी उद्या भरते. आणि जेवण गार झालं तर झालं. मी आले की तुम्ही बोलायचं."

"तू दमून येणार."

"दमून येईन. बहिरी होऊन येणार नाही."

असं आता चाललंय. ती वकील होईल तेव्हा होईल, अजून बरीच वर्षं आहेत. संध्याकाळी घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू? मी दुकान जरा लांबवतो, फ्रेमा पुसलेल्या असल्या तरी पुन्हा पुसतो, शेवटच्या गिऱ्हाइकाला चार गोष्टी जास्तीच्या ऐकवतो. मग वर येऊन जिन्याकडे कान लावून बसतो.

काल ती आली ती वह्यांचं ओझं सावरत, एक चप्पल पायात आणि एक हातात, बंद तुटला होता. मी दार उघडता उघडताच सुरू झालो: सकाळी पहिलं गिऱ्हाईक कोण आलं, ते आधी का आलं नव्हतं, त्याच्या भावाचं आणि त्याचं काय बिनसलं... बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की ती अजून दारातच उभी आहे. मी जीभ चावली. म्हटलं, "बस तू आधी. मुद्दा एवढाच की तू आलीस, बरं वाटलं."

तिने वह्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

"मुद्दा मला कळला होता," ती म्हणाली. "आता बाकीचं सांगा."